कृष्णवर्णीय पंच आणि अमेरिकेतले खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी खेळांतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की जेसी ओवेन्स, जॅकी रॉबिन्सन, मोहम्मद अली ही नावं आपसूक तोंडी येतात. शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुणाला आठवत नाही. या माणसांबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बेसबॉल किंवा अमेरिकन फुटबॉल कधी पाहिला नसेल तरी काही अडणार नाही.

पंचाने नियम बघायचा आणि निकाल द्यायचा. त्यात त्याच्या रंगाचा संबंध येतोच कुठे?

आधी काही सालं बघा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड या कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४६ साली प्रवेश मिळाला. पहिला कृष्णवर्णीय पंच आला १९६५ साली. मेजर लीग बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ साली खेळले, पहिला कृष्णवर्णीय अंपायर उभा राहिला १९६६ साली. एनबीए या बास्केटबॉलच्या लीगमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० साली आले, रेफरी १९६८ साली. खेळ तीन, मालक वेगवेगळे, कारभार वेगवेगळा, आणि तरी खेळाडू आणि पंच यांच्यातलं अंतर सगळीकडे अठरा-एकोणीस वर्षांचं आहे. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

खेळाडू सामना जिंकून देतो, त्याच्या नावावर तिकिटं खपतात. म्हणून मालकांनी नाइलाजाने का होईना, दार किलकिलं केलं. पंचामुळे एकही तिकीट जास्त खपत नाही. उलट तो गोऱ्या खेळाडूला बाद देतो, गोऱ्या प्रशिक्षकाला मैदानाबाहेर काढतो, आणि हजारो लोकांसमोर त्याचा शब्द शेवटचा असतो. दक्षिणेकडच्या राज्यांत पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते त्या काळात कृष्णवर्णीय माणसाच्या हातातला हा अधिकार अनेकांना सहन होणारा नव्हता. खेळायला हरकत नाही, हुकूम द्यायचा नाही, असा तो सगळा मामला होता.

तेव्हा प्रशिक्षित कृष्णवर्णीय पंच मिळतच नसतील, असं तर नाही?

लीगवाले हेच सांगत. पण वॉशिंग्टनमधले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक ई. बी. हेंडरसन १९०४ साली हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात बास्केटबॉल शिकून आले आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास त्यांनी ईस्टर्न बोर्ड ऑफ ऑफिशियल्स ही संस्था सहकाऱ्यांबरोबर उभी केली. कृष्णवर्णीय शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना तयार पंच पुरवणं हेच तिचं काम होतं. म्हणजे एनबीएने पहिला कृष्णवर्णीय रेफरी घेतला तेव्हा या प्रशिक्षणाला साठ वर्षं होऊन गेली होती.

बेसबॉलचंही तेच. कृष्णवर्णीयांच्या निग्रो नॅशनल लीगची स्थापना १९२० साली कॅन्सस सिटीत झाली. तिचे प्रमुख रूब फॉस्टर यांनी सुरुवातीला गोरेच अंपायर नेमले होते. आपल्या लीगमध्ये आपला अंपायर का नाही, असा सवाल कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांनी लावून धरला आणि १९२३ साली फॉस्टर यांनी कृष्णवर्णीय अंपायर घेतले. पुढे याच लीगमधून बॉब मॉटली यांच्यासारखा अंपायर तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून लढलेला, युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पर्पल हार्ट पदक मिळवलेला माणूस. अंपायरिंगच्या शाळेत जाऊन रीतसर शिक्षणही घेतलं. मेजर लीगच्या एक पायरी खालच्या पॅसिफिक कोस्ट लीगपर्यंत पोहोचले, पण मेजर लीगचं बोलावणं काही आलं नाही.

मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय अंपायर कोण?

एमेट अ‍ॅशफर्ड. या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहिलंच पाहिजे.

जन्म १९१४, लॉस एंजेलिस. पोस्टात नोकरी होती, आणि फावल्या वेळात शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत अंपायरिंग. १९५१ साली त्यांनी पोस्टातून रजा काढली आणि साउथवेस्ट इंटरनॅशनल लीगमध्ये उभे राहिले. व्यावसायिक बेसबॉलच्या अधिकृत रचनेतले ते पहिले कृष्णवर्णीय अंपायर. सोबतच्या गोऱ्या अंपायरांनी त्यांच्याबरोबर काम करायला नकार दिला आणि ऐनवेळी दुसरी माणसं शोधावी लागली. पुढे त्यांनी पोस्टाची कायमची नोकरी सोडली. पोटापाण्याची सोय सोडून, वर जाता येईल याची कसलीही खात्री नसताना. १९५४ साली पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आले आणि मेजर लीगच्या एक पायरी खाली तब्बल बारा हंगाम थांबले. त्यांच्या डोळ्यांदेखत वर कोण कोण गेलं असेल याचा विचार करून बघा.

१९६५ साली, मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष जो क्रोनिन यांनी त्यांचा करार विकत घेतला. ११ एप्रिल १९६६, हंगामाचा पहिला दिवस, वॉशिंग्टन विरुद्ध क्लीव्हलंड. पहिला चेंडू टाकायला उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री येणार म्हणून स्टेडियमभोवती सीक्रेट सर्व्हिसचा पहारा होता. अ‍ॅशफर्ड दारावर आले आणि पहारेकऱ्यांनी त्यांना अडवलं. आज अंपायर म्हणून हे गृहस्थ मैदानात उतरणार आहेत, हे त्यांना पटेना. पंधरा वर्षं या कामात मुरलेला माणूस, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दारातच 'मी अंपायर आहे' हे पटवून देत उभा.

त्या वेळी त्यांचं वय ५१ होतं. अंपायरसाठी निवृत्तीची मर्यादा ५५. एका वर्षाची मुदतवाढ मिळून पाच हंगाम पदरात पडले. १९६७चा ऑल-स्टार सामना आणि १९७०ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, त्यांनी केली. वर्ल्ड सीरिजमध्ये सहा अंपायर असतात आणि होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागे, उभं राहण्याचा मान पाळीपाळीने मिळतो. अ‍ॅशफर्ड यांची पाळी सहाव्या सामन्यात होती. बाल्टिमोरने पाच सामन्यांतच मालिका खिशात घातली.

ते मैदानावर 'नाटकं' करायचे, म्हणून टीका व्हायची, असं वाचलं. ते खरं आहे?

हो, टीका व्हायची. अ‍ॅशफर्ड धावत मैदानात यायचे, पॉलिश केलेले बूट, मनगटावर चमकणाऱ्या कफलिंक्स, बाद देताना हातवारे आणि खणखणीत आवाज. प्रेक्षकांचे ते लाडके होते. काही सहकाऱ्यांना आणि पत्रकारांना मात्र हा पोरकटपणा वाटायचा. पण १९६९ ते १९७९ या काळात त्याच लीगमध्ये रॉन लुचियानो नावाचे गोरे अंपायर होते. ते बोटाची बंदूक करून धावपटूला 'गोळ्या घालून' बाद द्यायचे आणि त्यांची गणना गमतीशीर, लोकप्रिय व्यक्तिमत्त्वांत झाली. एकाची हौस ती कला आणि दुसऱ्याची हौस तो थिल्लरपणा, हा फरक कुठून आला?

अ‍ॅशफर्ड १९८० साली गेले. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या स्मशानभूमीत आहेत. बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणारं हॉल ऑफ फेम याच गावात आहे. तिथे आजवर दहा अंपायरांना स्थान मिळालं. दहाही गोरे. अ‍ॅशफर्ड यांचं नाव त्यात असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्यानंतर तरी वाट मोकळी झाली का?

फारशी नाही. मेजर लीगच्या दुसऱ्या भागात, नॅशनल लीगमध्ये, १९७२ साली आर्ट विल्यम्स आले. १९७७च्या हंगामानंतर त्यांना काढलं, कामगिरीचं कारण देऊन. त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे भेदभावाची तक्रार केली आणि उदरनिर्वाहासाठी बस चालवायला लागले. तक्रारीतून हाती काही लागण्याआधीच १९७९ साली, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

अंपायरांच्या चौकडीचा जो प्रमुख असतो त्याला क्रू चीफ म्हणतात. कृष्णवर्णीय क्रू चीफ व्हायला २०२० साल उजाडलं. केरविन डॅनली यांना तो मान मिळाला, अ‍ॅशफर्ड मैदानात उतरल्यानंतर ५४ वर्षांनी. त्यांच्यामागून अ‍ॅलन पोर्टर आणि एड्रियन जॉन्सन हेही क्रू चीफ झाले. म्हणजे माणसं होती. मग इतकी वर्षं ती वर का गेली नाहीत?

फुटबॉलमध्ये काय झालं?

तिथली गोष्ट बर्ल टोलर यांच्यापासून सुरू होते. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ नऊपैकी नऊ सामने जिंकला. मोसमानंतरच्या मानाच्या बोल सामन्याची संधी समोर होती, पण अट अशी की संघातले दोन कृष्णवर्णीय खेळाडू, ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर, यांना घरी ठेवून यायचं. संघाने साफ नकार दिला. विद्यापीठाला फुटबॉल परवडेनासा झाला होता, त्या मोसमानंतर तो बंदच झाला, आणि तरीही त्या पोरांनी आपल्या मित्रांना सोडलं नाही. या संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणारा तरुण होता पीट रोझेल, पुढे एनएफएलचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाला तोच.

टोलर यांचा गुडघा १९५२ साली एका प्रदर्शनी सामन्यात गेला आणि खेळाडू म्हणून कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. ते शिक्षक झाले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या माध्यमिक शाळेचे पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. १९६५ साली रोझेल कमिशनर असताना एनएफएलने त्यांना पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगमधले हे पहिले कृष्णवर्णीय पंच, अ‍ॅशफर्ड यांच्याही एक वर्ष आधीचे. आठवडाभर शाळा आणि रविवारी मैदान, असे पंचवीस हंगाम त्यांनी केले. १९८०च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ते होते.

पण एनएफएलच्या सात पंचांच्या पथकात 'रेफरी' एकच असतो. पांढरी टोपी घालतो, माइकवरून दंड जाहीर करतो, देशभर टीव्हीवर दिसतो. त्या पांढऱ्या टोपीपर्यंत पोहोचायला १९८८ साल लागलं. जॉनी ग्रिअर यांना ती मिळाली. सुपर बोलमध्ये पहिले कृष्णवर्णीय रेफरी होते माइक केरी, फेब्रुवारी २००८ मध्ये. मग २०१३ साली जेरोम बोगर, २०२२ साली रोनाल्ड टॉर्बर्ट. सगळेच्या सगळे सात पंच कृष्णवर्णीय असलेलं पथक पहिल्यांदा मैदानात उतरलं २३ नोव्हेंबर २०२० रोजी, टॅम्पामध्ये, बोगर यांच्याच नेतृत्वाखाली.

बोगर यांच्या सुपर बोलच्या वेळची एक गोष्ट मला खटकते. त्यांची निवड जाहीर झाल्यावर त्यांचे गुण मुद्दाम वाढवल्याची कुजबुज बातम्यांत आली. लीगने ती नाकारली. गुणपत्रिका गुप्त असल्यामुळे बाहेरच्या कुणालाच खातरजमा करता येत नव्हती. वर जाऊ दिलं नाही तर 'लायकी नसेल', आणि गेला तर 'रंगामुळे दिलं असेल', अशी ही दुहेरी कात्री आहे. निवडीचे निकष उघड असते तर दोन्ही बाजूंची कुजबुज आपोआप थांबली असती.

माइक केरी यांनी एका संघाचे सामने करायला नकार दिला होता ना?

बरोबर. वॉशिंग्टनच्या संघाचं तेव्हाचं नाव मूळ अमेरिकी आदिवासींना हिणवणारं होतं. आपल्याला त्या संघाचे सामने देऊ नयेत, अशी विनंती केरी यांनी लीगला केली आणि २००६पासून ते त्या संघाच्या सामन्यांत दिसले नाहीत. गाजावाजा केला नाही. निवृत्तीनंतर, २०१४ साली, ही गोष्ट बाहेर आली. संघाने नाव सोडलं २०२० साली.

बास्केटबॉलमध्ये परिस्थिती बरी आहे म्हणतात.

तुलनेने खूपच बरी. १९६८ साली केन हडसन आणि जॅकी व्हाइट एनबीएमध्ये रेफरी झाले. ह्यू इव्हान्स १९७२ ते २००१ पर्यंत होते आणि २०२२ साली हॉल ऑफ फेममध्ये गेले. डॅनी क्रॉफर्ड यांनी लागोपाठ २३ वर्षं अंतिम फेरीचे सामने केले, त्यांनाही २०२५ साली हा मान मिळाला. १९९७ साली व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या एनबीएच्या पहिल्या महिला रेफरी झाल्या. पामर कृष्णवर्णीय, कॉम्प्टनमध्ये वाढलेल्या.

माझ्या मते फरक पडला तो नोकरीच्या स्वरूपामुळे. एनबीएचे रेफरी पूर्णवेळ कर्मचारी आहेत, त्यांची भरती आणि मूल्यमापन एकाच कार्यालयातून होतं आणि लीग देशभर उन्हाळी शिबिरांतून माणसं शोधते. फुटबॉलमध्ये बहुतेक पंच अर्धवेळ, आणि कॉलेजच्या पातळीवरच्या ओळखीपाळखीतूनच वर आलेले.

फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय महिला पंच आहेत का?

माया चाका. व्हर्जिनिया बीचमधल्या आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. २०२१ साली एनएफएलमध्ये आल्या.

बॉक्सिंग आणि टेनिसचं काय?

बॉक्सिंगमध्ये झॅक क्लेटन. १९५२ साली फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉट आणि एझर्ड चार्ल्स यांच्या हेवीवेट लढतीचे रेफरी तेच होते. हेवीवेट विश्वविजेतेपदाच्या लढतीला पहिल्यांदाच कृष्णवर्णीय रेफरी उभा राहिला. स्वतः नावाजलेले बास्केटबॉलपटू, नोकरी अग्निशमन दलात. १९७४ साली किन्शासात अली आणि फोरमन यांच्या मधे उभे होते तेही हेच. ती लढत जगाने पाहिली, रेफरी कोण हे फार थोड्यांनी विचारलं.

टेनिसमध्ये सेसिल हॉलिन्स या वकिलाने गोल्ड बॅज मिळवला. खुर्चीवरच्या पंचांचा हा सर्वोच्च दर्जा. पण अमेरिकन ओपनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याची खुर्ची आपल्याला कधीच दिली गेली नाही, ही त्यांची तक्रार होती. २००५ साली त्यांनी आणि सँडी फ्रेंच या महिला पंचांनी अमेरिकन टेनिस असोसिएशनविरुद्ध भेदभावाचा दावा लावला. दर्जा आहे, कागद आहे, पण मोठा सामना नाही, ही तक्रार पुढच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

मग पक्षपात नेमका होतो कसा? कुणी तोंडावर शिवी देतं का?

शिव्या प्रेक्षकांतून येतात, आणि त्या जिव्हारी लागतात. पण करिअर संपवतं ते सामन्यांचं वाटप.

हायस्कूलच्या पातळीवर बघा, कारण सगळे पंच तिथूनच वर येतात. प्रत्येक भागात सामने वाटून देणारा एक असायनर असतो. शुक्रवारी रात्रीचा व्हर्सिटीचा सामना म्हणजे मुख्य संघाचा सामना : दिव्यांचा लखलखाट, भरलेली बाकं, जास्त मानधन, आणि वरच्या पातळीवरून पंच हेरायला आलेली माणसं. सोमवारी दुपारचा नववीच्या पोरांचा सामना म्हणजे रिकामं मैदान आणि पाच-दहा पालक. वर्षानुवर्षं ज्याला सोमवारची दुपारच मिळाली, त्याच्याकडे मोठ्या सामन्याचा अनुभव येणार कुठून? आणि निवडीच्या वेळी पहिला प्रश्न तोच, 'अनुभव किती?'

असायनर बहुधा निवृत्त पंच किंवा प्रशिक्षक असतो. तो ज्यांना ओळखतो, ज्यांच्याबरोबर स्वतः काम केलंय, त्यांना फोन करतो. यात दरवेळी वाईट हेतू असतोच असं मी म्हणणार नाही. पण एकदा ओळखींचं वर्तुळ गोऱ्यांचं बनलं की त्यातून पुढची पिढीही गोरीच निघते. काही भागांत प्रशिक्षकांना नको असलेल्या पंचांची नावं कळवता येतात, आणि कारण द्यावं लागत नाही. प्लेऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचे, सामने गुणांवर मिळतात, ते गुण देणारे निरीक्षकही त्याच वर्तुळातले. त्या गुणांत अचूकता मोजता येते, पण 'मैदानावरचा वावर', 'संवाद', 'नेतृत्व' असे रकानेही असतात. ठामपणे बोलणारा गोरा पंच खंबीर ठरतो आणि तितक्याच ठामपणे बोलणारा कृष्णवर्णीय पंच उद्धट, असं घडलं तर ते कागदावर कुठेच सापडत नाही.

शाळेच्या पातळीवरचं एखादं खरं उदाहरण?

२०१६ साली न्यू जर्सीत कुस्तीच्या पंचांच्या एका घरगुती बैठकीत एका गोऱ्या रेफरीने कृष्णवर्णीय सहकाऱ्याला वंशद्वेषी शिवी दिली. पंचांच्या संघटनेने एक वर्षाच्या निलंबनाचा निर्णय घेतला. अपिलात तो फिरला. हे रेफरी पुन्हा मॅटवर आले. डिसेंबर २०१८ मध्ये याच रेफरींनी एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीगिराला सांगितलं, जटा कापल्या नाहीत तर लढत सोडून द्यावी लागेल. मुलाने लढायचं ठरवलं. सगळ्यांच्या देखत, बाजूला उभं करून त्याच्या जटा कात्रीने कापल्या गेल्या, आणि त्याच अवस्थेत तो उतरला आणि जिंकला. तो व्हिडिओ जगभर फिरला. बरोबर एका वर्षाने न्यू जर्सीत केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. २०१६ सालच्या त्या पंचाची तक्रार गांभीर्याने घेतली असती तर त्या पोरावर हा प्रसंग आलाच नसता, असं मला राहून राहून वाटतं.

दक्षिणेत तर १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत शाळांच्या क्रीडा संघटनाही वेगळ्या होत्या. व्हर्जिनियातली कृष्णवर्णीय शाळांची संघटना १९६९ साली गोऱ्या शाळांच्या संघटनेत विलीन झाली. नाव, कार्यालय, नियम उरले ते गोऱ्यांच्या संघटनेचे.

हे सगळं कायद्याने बंद करता येत नाही?

१९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवतं. मेख 'नोकरी' या शब्दात आहे. शाळा-कॉलेजांचे बहुतेक पंच कर्मचारी नसतात, दर सामन्यामागे मानधन घेणारे स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यांना हे प्रकरण सहसा लागू होत नाही. त्यांच्या हाती उरतो तो थेट १८६६ साली, गुलामगिरी संपल्यावर लगेच झालेला कायदा. त्याचं कलम १९८१ करार करण्याचा समान हक्क देतं, त्यामुळे कंत्राटदारालाही दाद मागता येते. पण २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अट कडक केली : वंश हे कारण नसतं तर निर्णय वेगळा झाला असता, हे फिर्यादीने सिद्ध करायचं.

ते किती अवघड आहे, हे क्यूबात जन्मलेले बेसबॉल अंपायर एंजल हर्नांडेझ यांच्या खटल्यात दिसलं. आपल्याला क्रू चीफ केलं नाही आणि वर्ल्ड सीरिज दिली नाही ती वंशामुळे, असा दावा त्यांनी २०१७ साली लावला. मेजर लीगचं म्हणणं होतं की क्रू चीफ नेतृत्वगुण पाहून निवडतात. २०२१ साली खालच्या न्यायालयाने आणि २०२३ साली अपील न्यायालयाने लीगच्या बाजूने निकाल दिला. हर्नांडेझ यांच्या निर्णयांवर प्रेक्षकही नाराज असत, ते इथे बाजूला ठेवू. महत्त्वाचा मुद्दा असा की बढत्याच इतक्या थोड्या होत्या की त्या आकड्यांवरून संख्याशास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या दारातून वर्षाकाठी एक-दोन माणसंच आत जातात, तिथला भेदभाव आकड्यांनी सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

पण पंच स्वतःच पक्षपाती असतात, असंही संशोधन आहे ना?

आहे, आणि ते टाळून चालणार नाही. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएच्या १९९१ ते २००४ मधल्या हंगामांची आकडेवारी तपासली. दुसऱ्या वंशाचे रेफरी जास्त असले की खेळाडूवर फाऊल थोडे जास्त लागतात, असं त्यांना आढळलं. फरक चार टक्क्यांपर्यंतचा. २००७ साली ही बातमी फुटली तेव्हा एनबीएने ती ठामपणे नाकारली. पुढे त्याच संशोधकांनी नंतरची वर्षं तपासली तर हा कल दिसेनासा झाला होता. लीगने ना कुणाला शिक्षा केली होती, ना प्रशिक्षण बदललं होतं. विषय जाहीर चर्चेत आला, एवढंच घडलं होतं.

बेसबॉलवर २०११ साली आलेल्या अभ्यासातही असंच निघालं. अंपायर आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकाच वंशाचे असले की स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा निर्णय, मिळण्याची शक्यता किंचित वाढायची, पण ज्या मैदानांवर अंपायरवर कॅमेऱ्याची नजर होती तिथे हा फरक नाहीसा व्हायचा. मला यातून एकच दिसतं : आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की माणूस सावरतो. मैदानातल्या पंचावर आता ही नजर आहे. त्याला सामने वाटणाऱ्या माणसावर ती अजून नाही.

आता बेसबॉलमध्ये यंत्रच बॉल आणि स्ट्राइक ठरवणार. मग हा प्रश्न उरेल का?

मेजर लीगने २०२६च्या हंगामासाठी आव्हान पद्धत मंजूर केली आहे. अंपायरचा निर्णय खेळाडूला मान्य नसेल तर यंत्राकडून तपासून घेता येईल. अंपायरच्या अचूकतेचे आकडे आणखी नेमके होतील, आणि चांगल्या अंपायरला ते फायद्याचंच आहे. क्रू चीफ कोण होणार, हे मात्र यंत्र सांगत नाही.

'फक्त गुणवत्ता बघा, रंग कशाला बघता?' हे म्हणणं चूक आहे का?

म्हणणं बरोबर आहे, आणि अ‍ॅशफर्ड यांना नेमकं तेच हवं होतं. गुणवत्ता बघितली असती तर बारा वर्षं एकाच पायरीवर थांबावं लागलं नसतं. ज्यांना हे वाक्य मनापासून पटतं त्यांनी असायनरकडे वाटपाच्या याद्या मागाव्यात. किती सामने, कुठल्या पातळीचे, कुणाला. गुणवत्तेचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

क्रिकेटमध्ये असं कधी झालंय?

इंग्लंडमध्ये ही तक्रार जाहीरपणे झाली. बार्बाडोसमध्ये जन्मलेले माजी कसोटी पंच जॉन होल्डर यांनी २०२० साली प्रश्न उपस्थित केला, की १९९२ साली व्हॅनबर्न होल्डर यांची नेमणूक झाल्यानंतर प्रथम श्रेणीच्या पंचांच्या यादीत एकही गौरेतर माणूस का आला नाही? अठ्ठावीस वर्षं. पुढे २०२२ साली डेव्हन माल्कम आणि डीन हेडली हे माजी वेगवान गोलंदाज सामनाधिकारी झाले.

आम्ही अमेरिकेत राहतो, मुलं इथल्या शाळेत खेळतात. आम्ही पंच होऊ शकतो का, आणि अन्याय झाला तर काय करायचं?

नक्की होऊ शकता. बहुतेक राज्यांच्या हायस्कूल क्रीडा संघटना नवे पंच शोधत असतात. २०१८ ते २०२२ या काळात देशभरात सुमारे पन्नास हजार हायस्कूल पंचांनी हे काम सोडलं, मुख्यतः पालकांच्या आणि प्रेक्षकांच्या वागण्याला कंटाळून. राज्य संघटनेकडे नोंदणी, नियमांची परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि स्थानिक पंच-संघटनेचं सदस्यत्व, एवढी साधारण प्रक्रिया असते. शिट्टी आणि गणवेश स्वतःचा.

काम सुरू झालं की पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा. कुठल्या तारखेला कुठल्या पातळीचा सामना मिळाला, सोबत कोण होतं, निरीक्षकाने काय गुण दिले, कुठला सामना काढून घेतला आणि कारण काय सांगितलं. ईमेल जपून ठेवा, फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी लिहून काढा. अन्याय होतोय असं वाटलं तर आधी संघटनेकडे लेखी तक्रार करा. कर्मचारी असाल तर समान रोजगार संधी आयोगाकडे जायची मुदत १८० दिवसांची, काही राज्यांत ३०० दिवसांची असते. कंत्राटदार असाल तर कलम १९८१खालच्या बहुतेक दाव्यांना चार वर्षं मिळतात. वकिलाकडे ही नोंदवही घेऊनच जा, आणि एकटे जाऊ नका : ज्यांच्या वाट्याला तेच सामने येतात अशा दुसऱ्या पंचांच्या नोंदी बरोबर असतील तर एकट्याच्या तक्रारीतून जे दिसत नाही ते दिसायला लागतं.